डुक्कर पळालं, पीक वाचलं. पण कुत्र्याच्या जखमेचा खर्च कोणाच्या माथी?

कळंब : रात्री वावरात जागलीला जाणाऱ्या कास्तकाराजवळ तीन गोष्टी हमखास असतात. हातात काठी, कपाळावर बॅटरी आणि मागं कुत्रं. काठी मोडली तर नवी तोडता येते. बॅटरी उतरली तर चार्ज होते. पण डुकरानं कुत्र्याचं पोट फाडलं तर रात्री दोन वाजता काय करायचं, कुठं न्यायचं आणि पैसे किती लागतील, याचा विचार आपण आधी करत नाही. वेळ आली की मग धावपळ होते. नाहीतर कुत्रं गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहतं.

कळंब तालुक्यात हा प्रश्न छोटा नाही. जोडमोहा, डोंगरखर्डा, मेटीखेडा या पट्ट्यात वावर आणि जंगल एकमेकांना लागून आहेत. हरभरा, तूर, भुईमूग, मका काहीही पेरा, रानडुक्कर आणि रोही धुरा ओलांडून येतातच. ज्वारी पेरणं कित्येकांनी याच त्रासापायी सोडलं. अशा वेळी कुत्रं हा सगळ्यात स्वस्त राखणदार वाटतो. शिळी भाकर, उरलेलं वरण आणि थोडं ताक, एवढ्यावर तो रात्रभर जागतो. पण तो खरंच स्वस्त आहे का? हिशेब मांडून पाहू.

राखण कधी संपते, शिकार कधी सुरू होते?

वावरातल्या कुत्र्याचं खरं काम भुंकण्याचं आहे. कुत्रं भुंकलं की माणूस उठतो, बॅटरी मारतो, डबा वाजवतो आणि डुक्कर दुसरीकडं वळतं. इथपर्यंत ती राखण.

पण बरेचदा गोष्ट इथं थांबत नाही. चार वावरांतली पाच-सहा कुत्री एकत्र येतात, मागून कोणी "छू" म्हणतं आणि कुत्री डुकराच्या अंगावर जातात. एकदा चटक लागली की ते कुत्रं भुंकून थांबत नाही, थेट झोंबतं. गावात अशा कुत्र्याचं कौतुकही होतं. "वाघासारखं हाये आमचं कुत्रं," असं मालक अभिमानानं सांगतो. जखमा नेमक्या याच कुत्र्याला होतात.

वजनाचाच विचार करा. आपलं गावरान कुत्रं पंधरा-वीस किलोचं. पूर्ण वाढलेला नर डुक्कर शंभर किलोच्या आसपास, कधी त्याहून जास्त. त्याचे सुळे वर वळलेले आणि एकमेकांवर घासून धारदार झालेले असतात. पिल्लं सोबत असलेली मादी तर जागा सोडत नाही. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात डुकराच्या शिकारीला कुत्री नेतात, तेव्हा त्यांच्या छातीला आणि मानेला जाड कापडाचं चिलखत बांधतात. तरी तिथली कुत्री जखमी होतात. आपलं कुत्रं तर उघड्या अंगानं जातं.

२०१८ मध्ये शेजारच्या राळेगाव तालुक्यात टी-१ म्हणजे अवनी वाघिणीचा शोध सुरू होता. तेव्हा केन कोर्सो या परदेशी जातीची कुत्री आणल्याची बातमी सगळ्या जिल्ह्यानं वाचली. ती आली आणि गेली. आपलं कुत्रं मात्र रोज रात्री त्याच धुऱ्यावर असतं, आणि त्याची बातमी होत नाही.

जखम बाहेरून बोटाएवढी, आत हातभर

डुक्कर सुळा खालून वर मारतं. त्यामुळं कुत्र्याला मार बसतो तो मांडीच्या आतल्या बाजूला, पोटाला, छातीला आणि मानेला. बाहेरून छिद्र लहान दिसतं. आत मात्र कातडी मांसापासून सुटलेली असते आणि त्या पोकळीत माती, केस आणि डुकराच्या तोंडातली घाण शिरलेली असते. पहिल्या दिवशी कुत्रं चालतं, म्हणून आपल्याला वाटतं, "काही नाही झालं." तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंग तापतं, पू होतो, वास येतो आणि मग किडे पडतात. तोवर जो खर्च शेकड्यांत झाला असता तो हजारांत जातो.

सुळा छातीत घुसला तर फुप्फुसाभोवती हवा शिरते. कुत्रं तोंड उघडं ठेवून जोरजोरात श्वास घेतं. पोटात घुसला तर आतडं फाटू शकतं, आणि ते बाहेरून कळतही नाही. हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर रक्त फार गेलं आहे असं समजा. या तीनपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

दवाखान्यात पोचेपर्यंत घरी एवढं करा :

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं पाच-दहा मिनिटं सलग दाबून धरा. सारखं उचलून पाहू नका.

उकळून थंड केलेल्या एक लिटर पाण्यात दोन लहान चमचे मीठ टाका आणि त्या पाण्यानं जखम धुवा. जखम छातीत किंवा पोटात आरपार असेल तर आत पाणी सोडू नका, फक्त झाका.

आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका. त्याच मिठाच्या पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड वर ठेवा, पोटाभोवती सैल दुपट्टा बांधा आणि निघा.

कुत्रं कितीही मायेचं असलं तरी वेदनेत चावतं. तोंड दुपट्ट्यानं बांधा. पण ते धापा टाकत असेल किंवा उलट्या करत असेल तर बांधू नका, गुदमरेल.

हळद, मिरची, राख, पेट्रोल, फिनाईल, जळकं ऑइल यातलं काहीही जखमेत भरू नका. डॉक्टरला आधी तेच काढावं लागतं आणि आतलं मांसही जळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरातली माणसाची वेदनेची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या कुत्र्याचं लिव्हर, किडनी किंवा जठर खराब करू शकतात. जखमेतून वाचलेलं कुत्रं गोळीनं जातं.

लवकर नेण्याचं आणखी एक कारण आहे. ताजी जखम साफ करून टाके घालता येतात. दोन-तीन दिवस जुनी, पू झालेली जखम डॉक्टर बहुतेक वेळा उघडीच ठेवतात आणि रोज ड्रेसिंग करावं लागतं. म्हणजे फेऱ्या वाढल्या, मजुरी बुडाली.

आता हिशेब

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात शुल्क नाममात्र असतं. तालुक्यातल्या दवाखान्यात मलमपट्टी, इंजेक्शन आणि साधे टाके होऊ शकतात. पण एका डॉक्टरकडं अनेक गावं असतात आणि त्यांचा दिवस गाई-बैलांच्या मागं जातो. पोट किंवा छाती फाटलेल्या कुत्र्याला भूल द्यावी लागते, आतून शिवावं लागतं, कधी एक्स-रे लागतो. मग यवतमाळ गाठावं लागतं. तिथं जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे आणि खासगी डॉक्टरही आहेत. त्याहून अवघड केस असेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. तिथली शिकाऊ डॉक्टरांची मोठी ओपीडी हा गरिबासाठी चांगला पर्याय आहे, पण जाणं-येणं एका दिवसाचं काम आहे.

खाली दिलेला हिशेब अंदाजाचा आहे. दर गावोगाव आणि डॉक्टरमागं बदलतात. पण तुमच्या वहीत आकडे टाकून पाहा. खासगीत भूल देऊन टाके घालायचे तर तीन-चार हजारांपासून सुरुवात. औषधं आणि सलाईन हजार-दीड हजार. रात्री गाडी सांगून यवतमाळला जायचं-यायचं तर हजार-दीड हजार. नंतर आठ-दहा दिवस ड्रेसिंग. त्यात तुमचे स्वतःचे चार-पाच दिवस मोडतात, आणि ऐन हंगामात एक दिवस मोडणं म्हणजे काय हे कास्तकाराला सांगायला नको. सगळं मिळून सात-आठ हजार सहज होतात. आतडं फाटलं असेल तर याहून जास्त, आणि कुत्रं वाचेल याची खात्री नाहीच.

आता दुसरी बाजू पाहा. रेबीजची लस खासगीत साधारण दोनशे ते चारशे रुपये. वर्षातून तीन-चार वेळा जंताची गोळी, उन्हाळ्या-पावसाळ्यात गोचीडाचं औषध. वर्षाचे हजार रुपयेही होत नाहीत. म्हणजे एका रात्रीच्या झटापटीत जेवढा पैसा जातो, तेवढ्यात तेच कुत्रं सात-आठ वर्षं निरोगी राहतं.

"कुत्रं हाये बाप्पा, त्याले काय दवाखान्यात नेता? दुसरं पाळू," असं म्हणणारे भेटतात. ठीक आहे. पण नवं पिल्लू आणलं तर ते वावराची ओळख करून घेऊन राखणीला तयार व्हायला वर्ष जातं. तो एक हंगाम तुम्ही एकट्यानंच जागता.

जखम लपवली जाते, कारण भीती वाटते

खर्चाइतकंच मोठं एक कारण आहे, ज्यावर कोणी उघड बोलत नाही. डुकरानं फाडलेलं कुत्रं दवाखान्यात नेलं तर "वनखात्यानं इचारलं तं काय सांगू?" ही भीती. म्हणून कुत्रं गुपचूप गोठ्यात बांधलं जातं आणि सडतं.

ही भीती कुठं खरी आहे आणि कुठं खोटी, हे नीट समजून घेतलं पाहिजे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. २०२२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. रानडुक्कर आता अनुसूची दोनमध्ये येतं. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त बंदूक मारणं नव्हे. वन्यप्राण्याला पकडणं, त्याचा पाठलाग करणं, त्याला हाकून कोंडीत आणणं, फासा लावणं, विष घालणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. म्हणजे पाच-सहा कुत्री घेऊन जंगलाच्या बाजूला डुकराच्या मागं जाणं ही शिकार आहे, डुक्कर हाती लागो न लागो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वापरलेली गाडी आणि हत्यार जप्त होतं ते वेगळंच. वीस किलो मटणासाठी एवढा सौदा परवडतो का, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

याच कायद्यात दुसरा दरवाजाही आहे. उभ्या पिकाला धोका असलेल्या डुकराला मारण्याची लेखी परवानगी वनविभाग देऊ शकतो. राज्य सरकारनं २०१५ मध्ये रोही आणि रानडुकरासाठी याबाबत निर्णयही काढला होता. पण ती परवानगी कागदावर आणि अटींसह मिळते. "गावात सगळेच करतात" ही परवानगी नाही.

मात्र तुमच्या वावरात राखणीला बांधलेलं किंवा सोडलेलं कुत्रं डुकरानं मारलं, तर ते दवाखान्यात नेण्यात लपवण्यासारखं काहीच नाही. डॉक्टरला खरं सांगा : केव्हा लागलं, कशानं लागलं, आधी काय लावलं, लस झाली आहे का. "काटेरी तार लागली" असं खोटं सांगितलं तर डॉक्टर आतली पोकळी शोधणार नाही आणि नुकसान कुत्र्याचंच होईल.

इथं आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. गावाजवळ डुकराची शिकार झाली की पहिलं बोट पारध्यांच्या बेड्याकडं जातं. १८७१ च्या इंग्रजांच्या कायद्यानं ज्या जमातींवर गुन्हेगाराचा शिक्का मारला, तो १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, पण लोकांच्या मनातून नाही. कुत्री घेऊन डुकराच्या मागं जाणाऱ्यांत आज सगळ्या समाजाची पोरं असतात. आणि बेड्यावरचं, पोडावरचं जखमी कुत्रं तर दवाखान्यापासून सगळ्यात लांब असतं. तिथं पैसाही नसतो आणि भीतीही दुप्पट असते.

डुकरापेक्षा माणसानं लावलेला घात मोठा

राखणीच्या कुत्र्याला फक्त सुळ्याचाच धोका नाही. डुकरासाठी कोणी पिठाच्या गोळ्यात विष घालतं, कोणी गावठी बॉम्ब ठेवतं, कोणी कुंपणात थेट लाइनचा करंट सोडतं. रात्री फिरणारं कुत्रं आधी तिथं पोचतं. बॉम्बनं जबडा उडालेलं कुत्रं वाचवणं फार अवघड असतं. करंटच्या तारेत तर आजवर ठिकठिकाणी माणसं गेली आहेत.

विषबाधा झालेल्या कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो, लाळ गळते, अंग थरथरतं, डोळ्याच्या बाहुल्या बारीक होतात. कीटकनाशकाच्या अशा विषावर अॅट्रोपिनचं इंजेक्शन आहे, पण ते जितकं लवकर मिळेल तितका उपयोग जास्त. औषधाचा डबा किंवा चिठ्ठी सापडली तर सोबत न्या. थिमेट म्हणजे फोरेट हे विष तर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. कुणाच्या घरात जुना डबा असेल तर तो चाऱ्यात-आमिषात वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या लेकराच्या जिवाशी खेळ. २०१७ च्या फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यानं काय भोगलं, ते आपण विसरलो नाही.

बिबट असलेल्या भागात कुत्रं हे बिबट्याचं सोपं भक्ष्य आहे. धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, तो उगाच नाही. रुंद, जाड पट्ट्यानं मान काही प्रमाणात वाचते, डुकराच्या सुळ्यापासूनही. आणि एकट्या कुत्र्याला वावरात साखळीनं बांधून घरी जाऊन झोपू नका. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही.

लस फक्त कुत्र्यासाठी नाही

भटक्या कुत्र्यांवर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. टीव्हीवर चर्चा झाली ती दिल्लीची. आपल्याकडचं वावरातलं कुत्रं मात्र ना पूर्ण पाळीव, ना पूर्ण भटकं. भाकर टाकणारे चार जण, पण लसीची वेळ आली की मालक कोणीच नाही.

हे कुत्रं रात्री जंगलाच्या कडेला कोल्हा, मुंगूस, दुसरी कुत्री यांच्याशी भांडतं आणि सकाळी अंगणात लेकरांत खेळतं. त्याला रेबीज झाला तर धोका आपल्या घराला आहे. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचत नाही. म्हणून लस दरवर्षी द्या, तारीख कॅलेंडरवर लिहा. कुत्रं चावलं किंवा नखं ओरखडली तर जखम पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्यानं धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जा. ती लस तिथं मोफत मिळते. मांत्रिक आणि जडीबुटीत दिवस घालवू नका.

कुत्र्यांचा डिस्टेंपर रोग वन्यप्राण्यांनाही होतो. २०१८ मध्ये गुजरातच्या गीरमध्ये वीसहून जास्त सिंह काही आठवड्यांत मेले, तेव्हा त्यांच्यापैकी काहींमध्ये याच रोगाचा विषाणू सापडला होता. टिपेश्वर आपल्याच जिल्ह्यात आहे.

मग कास्तकारानं करायचं काय?

डुकराचा त्रास खरा आहे आणि तो कुत्र्याच्या जिवावर सोडून प्रश्न सुटत नाही. जे हक्काचं आहे ते आधी मागा.

रानडुक्कर, रोही यांनी पीक खाल्लं तर वनविभागाकडून भरपाई मिळते. फोटो काढा, लगेच वनपरिक्षेत्र कार्यालयात किंवा ऑनलाइन अर्ज करा, पंचनामा करून घ्या आणि अर्जाची पोच सांभाळून ठेवा. रक्कम नुकसानाएवढी मिळत नाही ही तक्रार खरी आहे. पण अर्जच झाले नाहीत तर कागदावर आपल्या तालुक्यात नुकसान झालेलंच नसतं. वाघ-बिबट्यानं जनावर मारलं तर मदत मिळते, ती गाय, बैल, शेळी-मेंढी डोळ्यासमोर ठेवून. राखणीच्या कुत्र्याच्या उपचारासाठी मात्र हात पुढं करणारं कोणी नाही. ग्रामसभेत आणि लोकप्रतिनिधींसमोर ही गोष्ट मांडायला हरकत नाही.

पीक विम्यात वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान २०२६ च्या खरिपापासून धरण्याचा निर्णय केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. त्यात ७२ तासांच्या आत अॅपवर फोटोसह कळवायचं आहे. मात्र कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे, हे राज्यानं अधिसूचित केल्यावरच त्याचा फायदा होईल. विमा भरताना सेवा केंद्रात हा प्रश्न विचारून घ्या.

सौर कुंपणाला, म्हणजे झटका मशीनला, डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान आहे. तुमचं गाव त्यात बसतं का ते वनरक्षकाला विचारा. झटका मशीनचा धक्का क्षणभराचा असतो, जीव घेत नाही. थेट लाइनचा करंट जीव घेतो. दोन्हीत गल्लत करू नका.

आणि कुत्र्याच्या बाबतीत तीन सवयी लावा. पिल्लू असताना हाकेला परत यायला शिकवा, डुक्कर दिसलं तर "छू" म्हणू नका, परत बोलवा. रोज सकाळी वावरातून आल्यावर पोटाखालून, मांडीच्या आतून हात फिरवा. लहान छिद्र तिथंच सापडतं. आणि फोनमध्ये दोन नंबर सेव्ह करा : तुमच्या दवाखान्याच्या डॉक्टरचा आणि पशुसेवेचा टोल फ्री १९६२.

भुंकणारं कुत्रं पीक वाचवतं. झोंबणारं कुत्रं एक दिवस बिल घेऊन येतं, नाहीतर येतच नाही. आज रात्री जागलीला निघण्याआधी एकदा पाहा, तुमच्या कुत्र्याला शेवटची लस केव्हा दिली होती. तारीख आठवत नसेल तर उद्या सकाळचं पहिलं काम तेच.